रस्त्यात गेलेलं वावर

वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात. आमचं वावर अकरा एकरांचं, कारंजा तालुक्यात. बरंचसं काळं, एका अंगाला थोडं मुरमाड. पऱ्हाटी, तूर आणि अलीकडं सोयाबीन. 2018 साली त्यातले साडेचार एकर समृद्धी महामार्गात गेले. मला त्या साडेचार एकरांचीच गोष्ट सांगायची आहे, पण सुरुवात आबाजींच्या कापसापासून करावी लागते. आमच्या मुलखात बाहेरच्यांनी आखलेली रेघ काही पहिल्यांदा आली नव्हती.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. बंडीत कापूस भरून ते कारंज्याच्या बाजारात नेत. हा बाजार साधा नव्हे. 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं इथं नियमांनी चालणारा कापूस बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला असं शेतीमालाच्या बाजाराचा इतिहास लिहिणारे मानतात. हैदराबादचा हुकूम कारंज्यात का चालावा? तर 1853 साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं आणि कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाहत होता. इंग्रजांना इथला कापूस त्यांच्याकडच्या गिरण्यांसाठी हवा होता. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडले. पण तोवर मुंबईहून निघालेली रेल्वे इकडं पोचत होती. 1867 ला ती नागपूरला भिडली.

ती बडी लाइन कारंज्याला आली नाही. वीसेक मैलांवरून, मूर्तिजापुरातून गेली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विलायती कंपनीनं मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले. अंतर 113 किलोमीटर. हीच आपली शकुंतला. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार सरकारी रेल्वे आणि कंपनीला त्याचा मोबदला, असा करार होता. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. त्यानंतर डिझेलचं आलं आणि पुढं गाडीच थांबली. आता रुळांवर बाभळी आहेत.

शकुंतला आमच्यासाठी घातली गेली नव्हती हे आबाजींना ठाऊक होतं. "कापसासाठी आली, मानसं मंग चढली," असं ते म्हणत. पण माणसं चढली हे खरं. मी लहानपणी बाबांबरोबर तिच्यातून मूर्तिजापूरला गेलोय. ताशी वीस किलोमीटर चालणारी गाडी. कोणी धुऱ्यावरून हात केला तर ड्रायव्हर गाडी हळू करायचा. दुधाच्या बरण्या, कोंबड्या, माहेरपणाला निघालेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले म्हातारे, सगळं तिच्यात. तिकीट बहुतेक वेळा गार्डच द्यायचा. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाई म्हणतो, लग्न होऊन दारव्ह्याकडं गेली ती याच गाडीनं. माय रुळाच्या कडेला उभी राहून रडत होती आणि बाई खिडकीतून ओरडून सांगत होती, "माय, घरी जाय, ऊन लागन!" गाडी इतकी हळू होती की हे बोलणं बराच वेळ चाललं.

आता समृद्धी.

2015 साली मुंबई-नागपूर द्रुतगती मार्गाची घोषणा झाली. 701 किलोमीटर, दहा जिल्हे, त्यात आमच्या वाशीमचे कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव हे तालुके. सपाट भागात रुंदी 120 मीटर. आधी सरकारनं योजना काढली ती भूसंचयाची: जमीन द्या, तिच्या बदल्यात नव्या नगरात विकसित भूखंड घ्या आणि दहा वर्षं ठरावीक रक्कम घ्या. लोकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली नाही. ज्याला नांगरता येत नाही अशा भूखंडाचं काय करायचं हा साधा प्रश्न होता. ठिकठिकाणी मोजणीवाल्यांना परत पाठवलं गेलं. मग 2017 मध्ये थेट खरेदी आली, सरकारी दराच्या जवळपास पाचपट. त्या दिवसापासून हवा फिरली. विरोधाच्या बैठका होत होत्या त्याच पारावर लोक बोटांवर हिशेब करायला लागले. मी शाळामास्तर, तेव्हा निवृत्तीला चार वर्षं उरलेली. मीही हिशेब केला. खोटं कशाला लिहू?

थेट खरेदीला सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची संमती लागते. आमचे बाबा वारले तेव्हा वारस म्हणून मायचं, मी, धाकटा भाऊ आणि बाई अशी नावं चढली होती. माय मागाहून गेली. मुलींचा हिस्सा कायद्यात मुलांइतकाच आहे, हे मी वर्गात नागरिकशास्त्रात शिकवलेलं. पण वावर भाऊ कसत होता, बाईनं कधी एक पायली तूर मागितली नव्हती. तिचं नाव तिथं आहे हेच आम्ही विसरलो होतो. तलाठ्यानं कागद वाचून दाखवला तेव्हा भावानं माझ्याकडं पाहिलं.

मीच तिला फोन केला. म्हणालो, ये, सही करायची आहे. हक्कसोडपत्र हा शब्द मी फोनवर वापरला नाही. ती एसटीनं आली, सोबत भाऊजी नव्हते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून मी तिला कागदाचा अर्थ सांगितला, अर्धा. ती म्हणाली, "तुमी म्हनसान तिथं सही करतो. मले वावर नाही पाह्यजे, माहेर पाह्यजे." आम्ही तिला साडीचोळी केली, वरून काही रक्कम दिली. ती हिश्शाच्या जवळपासही नव्हती. आकडा लिहीत नाही. नात्यातले लोक हे वाचणार आहेत आणि त्यांना तो माहीतच आहे. महिनाभरानं भाऊजींना गावातल्या कोणीतरी एकरी दर सांगितला. त्यानंतर दोन दिवाळ्या बाई आली नाही.

पैसा गावात एकदम आला. एका हंगामात बँकेच्या शाखेत अशी माणसं दिसू लागली, जी आधी फक्त पीककर्जाला यायची. स्लॅबची घरं झाली, लग्नं दणक्यात झाली, बोलेरो आल्या. शहाण्यांनी जमीन घ्यायचं ठरवलं, पण सगळेच शहाणे एकाच वेळी निघाले. आजूबाजूच्या गावांत जमिनीचा भाव असा चढला की पाचपटीतले पट तिथंच विरघळले. भावानं मानोऱ्याकडं तीन एकर घेतलं, घरापासून मोटारसायकलनं तासभर. साडेचारांचे तीन झाले, तेही हलके.

आणि ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांचं काय? आमच्याकडं वीस वर्षं सालदार राहिलेले एक काका आहेत. त्या साडेचार एकरांतला दगड न् दगड त्यांनी वेचलेला. घर बांधायला काढलं तेव्हा ते ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, माहं नाव कोन्या कागदावर हाये? मले कोन देईन?" मी चहा सांगितला. दुसरं काय सांगणार होतो! विहिरीचे पैसे मिळाले, आंब्याच्या झाडाचे मिळाले, पाइपलाइनचेही मिळाले. सालदाराचं मोजमाप कुठल्याच तक्त्यात नव्हतं. पुढं दोन वर्षं ते रस्त्याच्या कामावर पहारेकरी होते, आपणच वखरलेल्या जमिनीवर ठेवलेल्या सळया राखत.

रस्ता उंच भरावावर जाणार म्हणजे मुरूम लागणार, अमाप लागणार. रस्त्यानं फक्त स्वतःच्या रुंदीतली जमीन घेतली असं बाहेरच्यांना वाटतं. आसपासच्या टेकड्यांना विचारा. गावाच्या वरच्या अंगाला एक बरडी होती, गुरं चरायची जागा. पोळ्याला तिथून पळस आणायचा आमचा रिवाज. पोकलेन लागलं आणि दीड उन्हाळ्यात तिचा खड्डा झाला. काही शेतकऱ्यांनी मुरमाच्या बदल्यात शेततळं खोदून घेतलं. यात दोन्ही बाजूंची सोय होती: कंत्राटदाराला भराव, शेतकऱ्याला फुकट तळं. जिथं नीट उतार देऊन खोदलं, तिथं आज रब्बीला हरभरा होतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. आमच्या शेजाऱ्याकडं मात्र मुरूम चांगला लागला म्हणून सरळ उभ्या कडांचं खोल खणलं. कुंपण घालायचं बोलून गेले, घातलं नाही. त्याची गाभण म्हैस त्यात गेली. तक्रार घेऊन तो ज्या छावणीत गेला, ती पुढच्या महिन्यात उठून पुढं गेलेली होती.

टिप्परची धूळ हा एक वेगळाच हंगाम होता. पांदण रस्त्यानं दिवसरात्र वाहनं जायची आणि कडेच्या पऱ्हाटीवर पांढरा थर बसायचा. बोंड फुटलं तरी वेचणाऱ्या बायका त्या ओळी नको म्हणायच्या. पांदण शेवटी पार खचली. पण याच काळात गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर, टँकर भाड्यानं लावून कमावलं, झारखंड-बिहारचे कामगार खोल्या घेऊन राहिले, किराणा दुकानाला कधी नव्हे ते रोखीचं गिऱ्हाईक मिळालं. 2022 च्या 11 डिसेंबरला नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला तोवर कामगार गेले होते, हप्त्यावर घेतलेले टँकर उभे होते.

रस्ता झाला आणि आमचं वावर दोन झालं. अडीच एकर अलीकडं, चार पलीकडं. मध्ये भराव आणि कुंपण. भाऊ एकदा भरावाखाली उभा राहून म्हणाला, "दादा, वावर कुटं गेलं नाही, तिथंच हाये. पन आपुन तिथं नाही." डवरणीला बैल न्यायचे तर दीड किलोमीटरवरच्या बोगद्यातून वळसा. पावसाळ्यात बोगद्यात गुडघाभर पाणी. मजूर बाया सांगतात, तिकडं येतो पण रोज वाढवा. या रोजाच्या फरकातच पलीकडच्या चार एकरांचा नफा जातो. कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांसाठी वाटा ठेवल्या आहेत, ते चांगलंच झालं. पण आमची उतरंड अशी की जनावराच्या वाटेचा नकाशा आधी झाला, आणि बंडीची वाट अर्जावर अर्ज करून मागावी लागली.

समृद्धीवर दुचाकीला, तीनचाकीला बंदी आहे. ती असायलाच हवी, ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगात त्यांचं काय काम! पण आमच्या गावातली वाहनं म्हणजे तीच. शकुंतला मँचेस्टरसाठी धावायची तरी हात केला की थांबायची. या रस्त्यावर चढायचं तर आधी इंटरचेंजपर्यंत जायचं आणि चारचाकी हवी. जुन्या औरंगाबाद-नागपूर रस्त्याची रहदारी मात्र तो ओढून घेऊन गेला. त्या रस्त्याला माझ्या एका विद्यार्थ्याचा ढाबा होता. रात्री ट्रकांची रांग असायची. आता तो दुपारी खाटेवर झोपलेला दिसतो. मला पाहून उठतो, "सर, चहा?" म्हणतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती.

गेल्या वर्षी श्रावणात रात्री अकराला बाईचा फोन आला. सहा वर्षांनी तिनं स्वतः केलेला पहिला. भाऊजींच्या छातीत दुखत होतं, दारव्ह्याहून त्यांना कारंज्याला आणलं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, नागपूरला न्या. मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका निघायच्या बेतात होती. बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. कारंज्याच्या इंटरचेंजवरून वर चढलो. जुन्या रस्त्यानं चार तास लागत. दोन तास व्हायच्या आत आम्ही नागपुरात होतो. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. भाऊजी वाचले.

पहाटे दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो होतो. बाईनं पिशवीतून डबा काढला, त्यात सकाळची भाकरी होती. अर्धी मला दिली. मग म्हणाली, "आपलं वावर कोन्या जागी गेलं रे या रस्त्यात? मी खिडकीतून पाहत होतो, अंधारात काई समजलं नाही."

मी म्हणालो, "या रस्त्यानं आपण आलो त्यात ते नाही, बाई. कारंज्याहून आपण नागपूरकडं वळलो. वावर मागं, मुंबईच्या बाजूला राह्यलं."

"मंग जाताना दाखवजो," ती म्हणाली. "अन् आंबा? आंबा त्यातच होता नं?"

आंबा त्यातच होता. त्याचे पैसे वेगळे मिळाले होते. ते तिला मी त्या सकाळी सांगितलं, आणि मग बाकीचा हिशेबही.