जांभूळ : एका नावाचा प्रवास

इंद्रधनुष्याचे रंग क्रमाने लक्षात राहावेत म्हणून आपण मुलांना 'तानापिहिनिपाजा' शिकवतो. त्यातला शेवटचा 'जा' एका झाडाकडून आलेला आहे. जांभळा म्हणजे जांभळाच्या फळाचा रंग. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीच्या सदाहरित रानात हे झाड अंजनीच्या सोबतीने जागोजागी दिसते. त्याच्या नावाचा शोध घेऊ लागलो, की भाषा, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र यांची सहज भेट होते.

संस्कृतात या झाडाला 'जंबु' म्हणतात. मराठी जांभूळ, हिंदी जामुन, बंगाली जाम ही त्याच कुळातली नावे. मालवणी माणूस 'जांभळ' म्हणतो. आंबोलीहून बेळगावच्या बाजूला उतरले, की कन्नड मुलखात नाव एकदम बदलते. तिथे हे झाड 'नेरळे' होते. तेलुगूत ते 'नेरेडु' आणि तमिळमध्ये 'नावल'. विशेष हे, की कन्नडमध्येही जांभळ्या रंगाला 'नेरळे' हाच शब्द आहे. शब्द वेगळे, पण रंगाला नाव देताना दोन्ही भाषांनी निवडले ते एकच फळ.

या झाडाने साऱ्या देशालाही नाव दिले. पूजेच्या संकल्पात आपण ऐकतो ते 'जंबुद्वीप' म्हणजे जंबूच्या झाडाचे द्वीप. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अशोकाच्या लघु शिलालेखांतही आपल्या भूमीसाठी हा शब्द आला आहे. तमिळमध्ये याच अर्थाचे 'नावलन्तीवु' असे नाव आहे.

अनेक इंग्रजी भाषांतरांत मात्र जंबूसाठी 'रोज ॲपल' हा शब्द वापरलेला आढळतो. रोज ॲपल हे फिकट पिवळे, गुलाबाच्या वासाचे निराळे फळ असून त्याचे मूळ आग्नेय आशियात आहे. मग जंबू नेमका कोणता? याचा पुरावा कालिदासाच्या मेघदूतात मिळतो. मेघ दशार्ण देशात पोहोचतो, तेव्हा तिथली जंबुवने पिकलेल्या फळांनी काळीसावळी झालेली असतात. पावसाच्या तोंडावर पिकणारे आणि पिकल्यावर काळे होणारे फळ म्हणजे आपले जांभूळच. केवळ शब्दकोश पाहून चालत नाही, झाडही पाहावे लागते, ते यासाठी.

पुढे हे नाव समुद्रापार गेले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात या फळाचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरचा शब्द उचलून त्याचे 'जांबोलांव' केले. ब्राझीलमध्ये आजही जांभळाला याच नावाने ओळखतात.

शास्त्रीय नावाचा इतिहासही असाच वळणावळणाचा आहे. लिनियसने १७५३ साली या झाडाला 'मिर्टस क्युमिनी' म्हटले. लामार्कने १७८९ मध्ये 'युजेनिया जांबोलाना' असे नाव दिले. म्हणजे आपले जांभूळ लॅटिनमध्ये शिरले! पण नामकरणाच्या नियमानुसार जातीच्या नावांपैकी सर्वांत जुने नाव ग्राह्य धरतात. म्हणून १९१२ मध्ये स्कील्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने 'सिझिजियम क्युमिनी' हे नाव रूढ केले आणि 'जांबोलाना' मागे पडले. होमिओपॅथीच्या 'सिझिजियम जांबोलेनम' या औषधात मात्र ते टिकून आहे.

'सिझिजियम' हे प्रजातीचे नाव परके वाटते, पण ते तसे नाही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'एका जुवाला जोडलेले' असा होतो. ग्रीक 'झिगॉन', संस्कृत 'युग' आणि बैलांच्या मानेवरचे मराठी 'जू' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. जांभळाची डहाळी पाहिली तर पाने समोरासमोर, जोडीजोडीने आलेली दिसतात. जणू जुवाला जुंपलेले दोन बैल.

हा पाठ वर्गाबाहेर घेता येईल. जांभळाचे पान उजेडासमोर धरा. त्यात तेलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतील आणि पानाच्या कडेलगत धावणारी एक शीरही दिसेल. मग पान चुरगळून वास घ्या. शेजारी पेरूचे पान आणि लवंग ठेवून मुलांना तुलना करू द्या. पेरू जांभळाच्याच कुळातला आहे, तर लवंग त्याच प्रजातीतली. वर्गात कानडी, गुजराती किंवा कोकणी बोलणारी मुले असतील, तर प्रत्येकाने घरून जांभळाचे नाव विचारून यावे. ती सारी नावे फळ्यावर मांडली, की एका झाडाभोवती किती भाषा नांदतात, हे मुलांना आपोआप कळेल.