करारमुक्त पिचर : किंमत कौशल्याची आणि वेळेचीही

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आयपीएलप्रमाणे खेळाडूंचा ठरावीक दिवशी लिलाव होत नाही. लीगमधील सहा वर्षांची सेवा आणि चालू करार पूर्ण झालेला खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे करारमुक्त होतो व कोणत्याही संघाशी वाटाघाटी करू शकतो. वर्ल्ड सिरीजनंतर हा बाजार खुला होतो. तो बंद होण्याची तारीख मात्र ठरलेली नसते. त्यामुळे पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे मोल करार केव्हा होतो यावरही अवलंबून असते.

हक्काचा उगम

पूर्वी ‘राखीव कलमा’मुळे करार संपल्यानंतरही खेळाडूवर संघाचाच ताबा राहत असे. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनली या पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर सायट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. सहा वर्षांची अट १९७६ च्या सामूहिक करारातून आली.

दीर्घ कराराची जोखीम

पिचरच्या खांद्यावर आणि कोपरावर मोठा ताण येतो. त्यामुळे दुखापतीची शक्यता प्रत्येक दीर्घ करारात गृहीत धरावी लागते. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१५ मध्ये मॅक्स शर्झरशी सात वर्षांचा २१ कोटी डॉलरचा करार केला. त्याने संघासाठी दोनदा साय यंग पुरस्कार मिळवला आणि २०१९ चे विजेतेपद जिंकण्यास हातभार लावला. त्याच संघाने डिसेंबर २०१९ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. दुखापतींमुळे त्यानंतर तो केवळ आठ सामने खेळू शकला.

विलंबाचे गणित

मूळ संघाचा एक वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव नाकारणाऱ्या खेळाडूला करारबद्ध करणारा संघ नवोदितांच्या निवडीतील (ड्राफ्ट) हक्क गमावतो. पुढील ड्राफ्ट पार पडल्यावर हा भुर्दंड उरत नाही. डॅलस कायकलने असा १ कोटी ७९ लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारला होता. ड्राफ्ट संपल्यानंतर, जून २०१९ मध्ये, अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला १ कोटी ३० लाखांत घेतले.

२०२४ मध्ये ब्लेक स्नेल आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी यांचे करार मार्चपर्यंत लांबले आणि हंगामपूर्व सराव बुडाला. ॲरिझोना डायमंडबॅक्सकडून मॉन्टगोमेरीची नऊ डावांमागील धावांची सरासरी ६.२३ राहिली, पिचरसाठी ही सरासरी जितकी कमी तितकी चांगली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून स्नेलची सरासरी पहिल्या सहा सामन्यांनंतर ९.५१ होती. मात्र दुखापतीतून परतल्यावर त्याने ऑगस्टमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही ‘हिट’ न देता सामना पूर्ण केला. या चढउतारांचे खापर केवळ विलंबावर फोडता येणार नाही. तरी सरावाविना मैदानात उतरण्याचा धोका दोन्ही बाजूंनी पत्करला होता.

सुटकेचा पर्याय

स्नेलच्या दोन वर्षांच्या ६ कोटी २० लाख डॉलरच्या करारात वर्षभराने बाहेर पडण्याची मुभा होती. ती वापरून त्याने नोव्हेंबर २०२४ मध्येच लॉस एंजेलिस डॉजर्सशी पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाखांवर बोलणी पक्की केली. अशा तरतुदीत खेळाडू चमकला तर तो संघ सोडू शकतो. अपयशी ठरला तर मात्र उर्वरित वर्षांचा भार संघावरच राहतो. म्हणूनच उशिरा, कमी मुदतीत झालेला करार संघाला स्वस्तच पडेल, असे गृहीत धरता येत नाही.