भाजे : चैत्यगृहातील लाकूडकाम

भाजे : पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, मळवली स्थानकाजवळ, विसापूरच्या डोंगरउतारावर असलेला 22 बौद्ध लेण्यांचा समूह. काळ साधारणपणे इ.स.पू. दुसरे शतक मानतात. यातील चैत्यगृह (लेणे क्र. 12) मुख्यतः प्राचीन लाकडी वास्तूचा पुरावा म्हणून महत्त्वाचे आहे.

रचना : चैत्यगृह सुमारे 17 मी. लांब, 8 मी. रुंद व मागील बाजूस चापाकार आहे. स्तूपाभोवतीच्या 27 अष्टकोनी स्तंभांना आतल्या बाजूस स्पष्ट कल दिलेला आहे. लाकडी इमारतीत कमानदार छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून त्यांना आत झुकवणे हे सुताराचे शहाणपण. अखंड कातळात असा रेटा नसतो, त्यामुळे तेथे हा कल निरुपयोगी ठरतो. गजपृष्ठाकार छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवल्या आहेत, आणि दर्शनी बाजूच्या कातळातील व जमिनीतील खोबणी पाहता आज उघडा दिसणारा दर्शनी भाग मूळचा लाकडी पडद्याचा होता. पुढे कार्ल्यात फासळ्या कायम राहिल्या, पण स्तंभ सरळ झाले आणि दर्शनी पडद्याचा खालचा भाग दगडात आला.

आक्षेप : फासळ्या मागाहून बसवल्या असाव्यात, अशी शंका घेता येते. मात्र काही फासळ्यांवर त्रोटक ब्राह्मी लेख आढळले व म. न. देशपांडे यांनी ते 1959 मध्ये प्रसिद्ध केले; निदान तेवढे लाकूड तरी प्राचीन ठरते, सगळ्याच फासळ्या मूळच्या आहेत असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. फासळ्या भार पेलत नाहीत, तेव्हा ती केवळ सजावट, हा दुसरा आक्षेप. भार न पेलणारे अवयव एवढ्या कष्टाने बसवले, याचा अर्थ कारागिरांच्या व उपासकांच्या डोळ्यांसमोर लाकडी मंडपाचे रूप पक्के होते. त्यामुळे या आक्षेपाने मूळ मत बळकटच होते. दर्शनी भागावर कोरलेले सज्जे, गवाक्षे व वेदिकापट्ट्या मजल्यांच्या लाकडी घरांची कल्पना देतात. अर्थात हे श्रीमंती वास्तूंचे चित्र आहे. सामान्यांच्या घरांबाबत त्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

इतर अवशेष : 14 स्तूपांचा समूह, लेणे क्र. 19 मध्ये सूर्य व इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे (ओळखीविषयी मतभेद).