ऋतूनुसार मुलांची हस्तकला : पानं, माती, बिया आणि फुलांपासून काय काय करता येतं?

शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ' करून आणायला सांगितलं, की आदल्या रात्री घरोघरी थर्माकोल आणि चमकी बाहेर येते. वस्तू आई-बाबा बनवतात आणि मूल शेजारी बसून जांभया देतं. खरं तर मुलाला स्वतःच्या हाताने जमेल असं साहित्य प्रत्येक ऋतू फुकट देत असतो. फक्त ते त्या-त्या वेळीच मिळतं.

पावसाळा

सागाची कोवळी पानं तळहातांवर चोळली की हात लाल होतात. साग असलेल्या गावांतल्या मुलांना ही गंमत कुणी शिकवावी लागत नाही. तेच पान चुरगळून कागदावर घासलं की लाल रंग उमटतो. जून पानं मात्र इथे उपयोगाची नाहीत.

साग नसेल तर पानांचे ठसे घ्यावेत. पान आधी कोरडं पुसायचं, शिरा उठून दिसतात त्या मागच्या बाजूला रंग लावायचा आणि कागदावर दाबायचं. भेंडी आडवी कापली तर पाच पाकळ्यांच्या फुलाचा ठसा मिळतो.

श्रावण अमावास्येला पोळा येतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यात लाकडी बैल सजवून मिरवतात. मातीचा बैल मात्र कुठेही करता येतो. मुलांच्या बैलाचे पाय हमखास गळून पडतात, कारण ते वेगळे वळून नंतर चिकटवलेले असतात. एकाच गोळ्यातून पाय ओढून काढले, तेही आखूड आणि जाड ठेवले, तर बैल उभा राहतो. वाळवायचा सावलीत. उन्हात माती घाईने सुकते आणि तडकते.

दिवाळी

महाराष्ट्रातल्या मुलांची सगळ्यात मोठी ऋतुकला म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगड-विटांचा उंचवटा, त्यावर मातीच्या चिखलात बुडवलेलं जुनं पोतं आणि वरून पुन्हा चिखलाचा हात. पोत्यामुळे माती घसरत नाही आणि घड्यांमधून आपोआप डोंगररांगा तयार होतात. उरलेल्या चिखलाने तटबंदी आणि बुरूज करायचे.

हिरवळीसाठी मोहरी किंवा अळीव पेरतात. त्यात अळीव जास्त सोयीचे, कारण ओले झाले की ते बुळबुळीत होऊन उतारावरही चिकटून राहतात. मोहरी गडगडत पायथ्याशी जमा होते. पेरणी दिवाळीच्या पाच-सहा दिवस आधी करावी आणि पाणी हाताने शिंपडावं. तांब्याने ओतलं तर अळिवासकट बुरूजही वाहून जातो! किल्ला तयार मिळतो, पण तो आणून ठेवला की मुलांना करायला काही उरतच नाही.

हिवाळा आणि होळी

पिंपळाचं पिकलेलं पान दोन ते चार आठवडे पाण्यात भिजवलं, की त्याचा गर कुजून सुटतो. जुन्या टूथब्रशने हलकेच घासलं की शिरांची जाळी उरते. मधून मधून पाणी बदलावं आणि भांडं झाकून ठेवावं, नाहीतर त्यात डास होतात. वासही येतो, ते आधीच सांगितलेलं बरं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. खाली पडलेली फुलं पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. ते होळीला खेळायला चालतं आणि चित्रालाही.

पळस जवळपास नसेल तर हळद आहेच. हळदीचं पाणी कागदाला लावून वाळवायचं आणि साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर चित्र काढायचं. रेषा लालसर उमटतात, कारण अल्कलीशी संयोग झाला की हळद रंग बदलते. हळदीपासून कुंकू करतात तेही याच गुणामुळे.

उन्हाळा

सकाळी गच्चीवर खेळण्याची सावली खडूने रेखाटायची आणि दोन तासांनी त्याच जागी पुन्हा रेखाटायची. सावली सरकलेली आणि आखूड झालेली दिसते. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक ठिकाणी एक दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली क्षणभर नाहीशी होते. तुमच्या गावची तारीख शोधून त्या दिवशी हा खेळ जरूर करावा.

हे मुलांच्या हाती देऊ नये

मातीच्या प्राण्यांना डोळे म्हणून लाल-काळी गुंज लावायचा मोह होतो, पण ती अत्यंत विषारी असते आणि चघळली तर जिवावर बेतू शकतं. कण्हेर आणि धोतराही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. डोळ्यांसाठी मिरी किंवा मोहरी पुरते. लहान भावंडं घरात असतील तर तीही नको, काडीने टोचून खळगा केला तरी डोळा दिसतो.

चिकटवायला कणकेची किंवा मैद्याची खळ चालते. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच शिजवावी. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते अजिबात वापरू नये.