हातचं काम की कॉलेज?

बारावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा मुलींचीच चर्चा जास्त रंगते. नर्सिंगला घालावं, आयटीआयला पाठवावं, की बीए करू द्यावं? शंभर वर्षांपूर्वी पुण्यात या प्रश्नाची दोन उत्तरं थोड्याच वर्षांच्या अंतराने उभी राहिली.

१९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचं काम सुरू केलं. येणाऱ्यांत विधवा पुष्कळ. त्यांच्या हाताला काम हवं होतं, म्हणून शिवण आणि परिचारिकेचं शिक्षण. परिचारिका तयार व्हायच्या त्या ससून रुग्णालयात, रोग्याच्या खाटेपाशी. परक्या पुरुषाला, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, हे तेव्हाच्या घरंदाज म्हणवणाऱ्यांना कसं रुचावं! पण सेवासदनात लिहिण्या-वाचण्याचे वर्गही होते, हे आपण विसरतो. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली नाही, तर परिचारिका म्हणून ठेवणार कोण? रमाबाई स्वतः लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनाही अक्षरओळख नव्हती. त्या सासरी शिकल्या.

दुसरं उत्तर धोंडो केशव कर्वे यांचं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, अवघ्या पाच विद्यार्थिनींवर. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून, शिवाय आरोग्य आणि गृहशास्त्र. मात्र या पदवीला सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तोवर नोकरीच्या दारात तिचं वजन कमीच.

आम्ही स्वतः बीए झालेल्या, तरी म्हणतो, की त्या काळच्या निराधार बाईला ससूनची वाट जवळची होती. तिथे चार पैसे लवकर हाती येत. पण तिचा पाया सेवासदनातल्या पाटीवर घातलेला होता.

आता तर दोन्ही वाटा जुळतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात किंवा आस्थापनेत काम शिकणाऱ्या उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावंच लागतं. पदवीधरांनाही उमेदवारी करता येते. त्यासाठी लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते. "आधी फुकट राब, मग बघू" असं कुणी म्हणालं, तर तो करार मागा. मुलगी अठराच्या आत असेल तर त्यावर पालकाची सही लागते. म्हणजे तो कागद आपल्या हातात येतोच. सही करण्याआधी गटात बसून मोठ्याने वाचून घ्या.