तापीच्या पाण्यामागे: नंदुरबारचे ऊसतोड मजूर आणि कावीळ

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. परंतु तेथील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबांचे दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातकडे होणारे स्थलांतर त्याहून बरेच जुने असून, त्याचे एक मोठे कारण तापीच्या पाटपाण्यात आहे. १९५०च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले, सुरतेकडची काळी जमीन उसाखाली आली आणि बारडोलीसारखे सहकारी साखर कारखाने वाढत गेले. तेव्हा शहादा-तळोद्यावरून वाहत जाणाऱ्या नदीमागोमाग तिच्या खोऱ्यातील कोरडवाहू शेतकरीही उसाच्या फडात पोहोचला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, अशा हिशेबाने मुकादम टोळी बांधतो आणि हंगामाआधी ‘उचल’, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नसल्यामुळे आजारपणाचा दिवस थेट कर्जात जमा होतो.

या मजुरांच्या ‘पडावा’त, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांच्या तळावर, पिण्याचे पाणी बहुधा पाटाचे किंवा जवळच्या विहिरीचे असते आणि शौचास उघड्यावरच जावे लागते. हिपॅटायटिस अ आणि ई या यकृतदाह घडवणाऱ्या विषाणूंना याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल, कारण दोन्ही विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. त्यांपैकी ई विषाणूची ओळख भारताला फार उशिरा पटली. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली; मात्र तो ई विषाणूचा उद्रेक होता, हे जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांवरून काही दशकांनंतर निश्चित झाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार विशेष घातक ठरतो, आणि ऊसतोडीत गरोदर बाईही मोळ्या वाहतेच.

तरीही ऊसतोड मजुरांच्या काविळीचा इतिहास आकड्यांत सापडत नाही, आणि त्याचे कारण केवळ सरकारी अनास्थेत शोधणे अपुरे ठरेल. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. त्यामुळे फडात लागलेला आजार मजूर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर परतल्यावर उघड होऊ शकतो, गावी लागलेला पडावात, आणि दोन राज्यांपैकी कोणत्याच दप्तराला त्याचा उगम दिसत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली तेव्हा ती नोंदली गेली, कारण यंत्रमागाच्या त्या शहरात माणसे वर्षभर एका ठिकाणी राहतात. नंदुरबार जिल्ह्यातल्याच नवापूरच्या कोंबड्यांना २००६ मध्ये झालेला बर्ड फ्लू जगभर गाजला, हेही येथे आठवते. कुक्कुटपालनाच्या शेडमधील कोंबड्या निदान जागच्या जागी मोजता येत होत्या.

निदानाची आणखी एक अडचण या जिल्ह्याच्या रक्तातच आहे. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून लवकर फुटण्याचा आनुवंशिक विकार, येथील आदिवासी समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो आणि त्यातही डोळे पिवळे पडतात. अधूनमधून डोळे पिवळे होणे ज्या घराला परिचयाचे आहे, तेथे विषाणूजन्य कावीळ सहज नजरेआड होते. आणि भगताकडे ‘कावीळ उतरवून’ घेतल्यावर रुग्ण बरा झाला तर श्रेय भगताला जाते, वस्तुतः अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत आपोआपच ओसरते.

ब आणि क विषाणूंची वाट निराळी आहे: ते रक्तातून, दूषित सुईतून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातात व वर्षानुवर्षे यकृतात मुकाट राहू शकतात. गुजरातेतच मोडासा येथे २००९ मध्ये पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे हिपॅटायटिस बची प्राणघातक साथ पसरली होती. अंगदुखीवर एक सुई टोचून घेऊन पुन्हा फडात उतरणाऱ्या मजुराचा धोका त्यावरून कळतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ब आणि कची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत झाली. बची लस त्याआधीच देशभरच्या नियमित लसीकरणात आली होती. परंतु तिचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत द्यावा लागतो, आणि ऐन गाळपात पडावावरच जन्मलेले मूल त्या वेळेत रुग्णालयात पोहोचत नाही.