कोतोत सगळ्यांनी मिळून बिअर करायची तर कोणती?

तोक्योच्या कोतो भागात, ओजिमाच्या आसपास, भारतीय कुटुंबं बरीच आहेत. आमच्या काही घरांनी एका रविवारी जमून बिअर करायचं काढलं. शनिवार शब्बाथचा, म्हणून रविवार. कोणती करायची हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जे कळलं ते इथे लिहून ठेवतो.

आधी कायदा. जपानच्या 1953 च्या मद्य-कर कायद्यात 1 टक्का किंवा जास्त अल्कोहोल असलेलं पेय म्हणजे दारू, आणि ती परवान्याशिवाय घरी करता येत नाही, स्वतःपुरतीसुद्धा नाही. शिक्षा 10 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड. परवाना काढू म्हणाल, तर वर्षाला किमान 60,000 लिटर बिअर काढावी लागते. 1994 पर्यंत ही अट 20 लाख लिटरची होती! तेव्हा कडक बिअर हवी असेल तर परवाना असलेल्या कारखान्यात जाऊन करायची. इबाराकीतल्या नाका शहरातली किउची ब्रुअरी पाहुण्यांना अशी बिअर करू देत आली आहे. लहान मुलं घेऊन तिथवर जाणं आमच्यातल्या बऱ्याच जणांना जमणारं नव्हतं, म्हणून घरीच, पण 1 टक्क्याच्या आत.

इथे हिशेब चुकवून चालत नाही. 20 लिटर पाण्यात 400 ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट घातलं की साधारण 0.7 टक्के अल्कोहोल होतं. ठीक वाटतं. पण बाटलीत फेस यावा म्हणून लिटरमागे 5 ग्रॅम साखर घालतात, तीही आंबते आणि आणखी 0.3 टक्के वाढवते. झालं, मर्यादा गाठली. म्हणून एक्स्ट्रॅक्ट 300 ग्रॅमच घ्यावं.

एवढ्या पातळ बिअरला कोणता प्रकार शोभेल? कडू आयपीए मुळीच नको. माल्टचा गोडवा नसल्यामुळे हॉप्सचा कडूपणा जिभेला टोचतो. हॉप्स थोडे घ्यावेत आणि उकळी संपता संपता घालावेत, म्हणजे वास राहतो, कडूपणा कमी येतो. माझं मत जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला. तिच्या यीस्टमधूनच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, त्यामुळे पाणचटपणा तितका जाणवत नाही. गव्हाचं एक्स्ट्रॅक्ट वापरलं तर फेसही चांगला धरतो. धान्य भिजवण्यापासून सुरुवात केली तर सगळा दिवस जातो; एक्स्ट्रॅक्टवर तीनेक तासांत आटपतं आणि जेवायला वेळ उरतो.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. मिल्क स्टाउट नावाच्या बिअरमध्ये दुधाची साखर असते, म्हणजे मटणाबरोबर ती चालायची नाही. आणि काही स्टाउटमध्ये चक्क ऑयस्टर घालतात! पाककृती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

तारीख ठरवताना पेसाह बघावा. बार्लीची असो की गव्हाची, बिअर हामेत्सच. आपल्याकडे या सणाचं जुनं नावच अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा. मार्चमध्ये बिअर केली तर बाटल्या नेमक्या सणाच्या तोंडावर तयार होतील आणि घरात ठेवता येणार नाहीत. पेसाहनंतरचा मे महिना बरा. गोल्डन वीकची सुट्टी असते आणि खोलीत 18 ते 22 अंश राखणं सोपं जातं. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात हे यीस्ट बिघडवून ठेवतं.

अल्कोहोल कमी म्हणून ही बिअर टिकतेही कमी. बाटलीत फेस धरला की फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावी. आणि 0.8 टक्के असली तरी पोरांना ती नाही; त्यांच्यासाठी त्याच दिवशी काळ्या मनुका भिजवून शरबत करायचं, तो वाटा आजीबाईंनी आधीच उचलला आहे.